चारशे बारा चोर, साव एकपण न्हाय

माझा तक्ता खोटा न्हवता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकल्यावर ते कुणाला पटायचं न्हाय. एक आकडा मी वाढवला न्हाय, एक कमी केला न्हाय. तरी जे व्हायचं ते झालंच.

मी भरमू. गाव कडोली, दुकान बेळगावात, खडेबाजारातल्या एका बोळात. वीस वर्षं झाली, कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. आणि दर साली दिवाळीच्या आधी आठवडाभर अर्धं शटर ओढून मी अँटिव्हायरसची परीक्षा घेतो. सहा जुनी मशीनं, त्यांवर सहा कंपन्यांची सहा सॉफ्टवेअरं, आणि माझं गटार. गटार म्हणजे एक फोल्डर. गिऱ्हाईकांच्या पेन ड्राईव्हमधनं नऊ वर्षं वेचून जमवलेले व्हायरस त्यात कोंडून ठेवलेत, चारशे बारा. ते गटार एकेका मशीनवर उपडं करायचं, कुणी किती चोर धरले ते मोजायचं, आणि तक्ता छापून दुकानाच्या काचेवर लावायचा. खानापूरपास्नं निपाणीपर्यंतचे लोक तो तक्ता बघून अँटिव्हायरस घेत्यात. 'भरमूचा तक्ता' म्हणत्यात. मला त्याचा लई माज होता, खोटं कशाला बोलू.

इंटरनेटवर असल्या परीक्षा ढिगानं हायत. एकाला शंभरात नव्व्याण्णव पूर्णांक नऊ, दुसऱ्याला नव्व्याण्णव पूर्णांक सात. कुणी तसला कागद घेऊन आलं की माझं डोकं फिरायचं. "परीक्षा घेणाऱ्याला पैसे कुणी दिले ते बघितलास काय रं? व्हायरस कुठनं आणले? कंपनीनंच आणून दिले असतील तर? घरचा पेपर आणि घरचाच मास्तर! आणि चोर शंभर धरले म्हणतोस, साव किती धरले? बिचाऱ्या कामाच्या प्रोग्रामाला चोर समजून किती वेळा आत टाकलं, ते लिहिलंय काय कुठं?" मग मी काचेकडं बोट करायचो. दोन वर्षं झाली, तिथं एक नंबरला एकच नाव होतं. चारशे बारापैकी चारशे बारा.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी दुकान उघडलं, उदबत्ती लावली, तवर कल्याणीताईंचा फोन आला. कल्याणीताई अनगोळच्या. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं टायपिंगचं काम चालतं. लग्नाच्या पत्रिका मराठीत, सरकारी अर्ज कन्नडात, आणि आमच्या कडोलीच्या साहित्य संमेलनाची स्मरणिका. शांत बाई. पण त्या दिवशी आवाज कापत होता.

"भरमूअण्णा, सगळ्या फायलींची नावं बदललीत. एकही उघडत नाही. इंग्रजीत चिठ्ठी आलीय, पैसे भरा म्हणून."

"वायर काढा!" मी वरडलो. "इंटरनेटची वायर काढा, पेन ड्राईव्ह काढा, कशाला हात लावू नका!"

"पेन ड्राईव्ह कालपासून लावलेलाच होता."

त्या पेन ड्राईव्हवर त्यांच्या सगळ्या कामाची दुसरी प्रत असायची. म्हणजे तीपण गेली.

"आणि भरमूअण्णा," त्या म्हणाल्या, "आप्पांचं लिखाण त्यातच आहे."

आप्पा म्हणजे माझे वडील, मारुतीराव. शिक्षण चौथी नापास. पण संमेलनाचा मांडव घालायचं काम तीस वर्षं त्यांच्याकडं. खांबांचे खड्डे काढायचे, कनाती ताणायच्या, आणि मग मांडवाच्या मागं चुलाणाजवळ बसून मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकायची. पुढं कधी बसले न्हाईत. यंदा स्मरणिकेवाल्यांनी म्हणलं, मारुतीराव, तुम्ही पण लिहा की. आप्पांना लिहाय कुठलं येतंय! पण हट्टी माणूस. नवरात्रात पाच दुपारी एसटीनं अनगोळला गेले, कल्याणीताईंच्या शेजारी खुर्चीवर बसले आणि सांगत गेले. त्यांनी ऐकत ऐकत थेट टाईप केलं. कागदावर एक ओळ न्हाय. नाव दिलं, 'मांडवामागनं'.

मी म्हणलं, छापून आलं की वाचतो.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. आता एकच शब्द येतो तोंडातनं, 'व्हय'. जेवलासा काय, व्हय. दुखतंय काय, व्हय. थंडी वाजत्या काय, व्हय. म्हणजे आप्पांचं जेवढं बोलणं या जगात शिल्लक होतं, ते सगळं अनगोळच्या त्या डब्यात होतं. आणि स्मरणिका शुक्रवारी छापाय जायची होती.

मोटारसायकल कशी हाकली मला म्हाईत न्हाय. रस्त्यात एका रिक्षावाल्यानं कन्नडात शिव्या घातल्या, मी मराठीत परत केल्या. कल्याणीताई दारातच उभ्या होत्या. मी चपला पण काढल्या न्हाईत, थेट मशीनसमोर बसलो. पडद्यावर काळी चिठ्ठी. खाली कोपऱ्यात बघितलं तर माझा एक नंबर, चारशे बारापैकी चारशे बारा धरणारा पैलवान, करडा पडलेला. बंद!

माझं टाळकं सरकलं. "हे बंद कुणी केलं? मी स्वतः येऊन बसवून दिलतं न्हवं? दाराला कुलूप घालून द्यायचं आणि तुम्ही दार सताड उघडं ठेवायचं! मग चोर येणार न्हाय तर काय पावणा येणार? काय म्हणायचं तुम्हाला, ताई!"

त्यांनी नुसतं बोट दाखवलं. मॉनिटरच्या वरच्या कडेला एक पिवळा कागद चिकटवला होता. वर्षभराचा जुना, कडा मुडपलेल्या. त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं : 'टायपिंग सुरू करण्याआधी अँटिव्हायरस बंद करणे. भरमूअण्णांनी सांगितले आहे.'

कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं.

सगळं आठवलं. आमच्या भागात टायपिंगवाल्यांकडं एक जुनं सॉफ्टवेअर असतंय. तुम्ही कळ दाबली की ते मधल्यामधी ती धरतं आणि तिचं मराठी न्हायतर कन्नड अक्षर करून देतं. दोन्ही भाषा लागत्यात, त्यामुळं त्याच्याशिवाय इथं कुणाचं पान हालत न्हाय. पण पासवर्ड चोरणारी प्रोग्रामंपण हेच करत्यात, दाबलेली कळ मधल्यामधी धरत्यात. माझ्या एक नंबराला दोघांतला फरक कळत न्हवता. चोर सोडून संन्याशाला फाशी. मशीन चालू केलं की तो पहिल्यांदा मराठीच उचलून आत टाकायचा.

कल्याणीताईंनी तवा फोन केलता. "भरमूअण्णा, हे मराठी टाईपच होऊ देत नाही. काय करू?" त्या टायपिंगला सोडून दे, असं एक नंबराला सांगता येत होतं. दहा मिनिटांचं काम. पण दर नव्या अपडेटनंतर ते परत करावं लागायचं, आणि दर वेळी अनगोळला कोण जाणार? मी म्हणलं, "बंद करा तेवढ्यापुरतं."

त्यांचं टायपिंग सकाळी दहापास्नं संध्याकाळी सातपर्यंत चालतं. तेवढ्यापुरतं म्हणे!

"पत्रिकेचा मजकूर म्हणून ईमेल आला होता," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी उघडला. चूक माझीच."

मी मान हलवली. व्हय म्हणून हलवली का न्हाय म्हणून, ते माझं मलाच ठाऊक न्हाय. भेकडासारखा खाली बघून वायरी गोळा करत बसलो.

"दोन वेळा फोन केला होता मी तुम्हाला," त्या म्हणाल्या, "आणि एकदा दुकानात आले होते. आप्पांच्या लेखाचं प्रूफ वाचून जा म्हणून. आप्पांनीच सांगितलं होतं, प्रूफ भरमूलाच द्या, चुका काढण्यात त्याचा हात कोण धरणार न्हाय."

मशीन उचलून दुकानात आणलं. दुपारपर्यंत जेवढं येतंय तेवढं केलं. चोरानं फायलींना घातलेल्या कुलपाची जात शोधली, त्याची किल्ली अजून कुणाकडं न्हाय. ओळखीच्या तिघांना फोन लावले, तिघांनी एकच सांगितलं. पैसे भरले तरी चोर फायली परत देईल ह्याची हमी न्हाय. बसवत न्हवतं. उठायचो, बोळात जायचो, परत यायचो. समोरचा भांडीवाला म्हणाला, "काय अण्णा, पायाला भिंगरी लावलासा काय?" त्याला पण खेकसलो.

मग एक काम केलं, जे दोन वर्षांपूर्वी कराय पाहिजे होतं. ते टायपिंगचं सॉफ्टवेअर सहाही मशीनांवर घातलं. एक नंबरानं चार सेकंदात धरलं. चौघांनी नुसतं हटकलं. तीन नंबरानं शांतपणे जाऊ दिलं. त्या तीन नंबराला मी खाली टाकलं होतं, कारण गटारातले पंधरा त्याच्या हातनं सुटले होते. कुठले पंधरा, तेपण काढून बघितलं. आठ-आठ, नऊ-नऊ वर्षांपूर्वीची मढी, आज कुणाच्या मशीनवर चालायची पण न्हाईत. आणि एक नंबराला ती सगळी तोंडपाठ कशी? कारण नवा व्हायरस सापडला की मीच हौसेनं त्या कंपनीला पाठवत होतो! पेपर मीच फोडायचो आणि वर पहिला नंबर पण मीच द्यायचो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. साव किती धरले, असं मी सगळ्या जगाला विचारलं आणि माझ्या परीक्षेला एकपण साव बसवला न्हाय.

आणि म्हाईत न्हवतं असं पण न्हाय. व्हाट्सॲप उघडलं आणि 'बंद करा' एवढंच शोधलं. एकतीस माणसं. बेळगाव, खानापूर, निपाणी. एकतीस जणांनी मला कळवलं होतं की तुमचा एक नंबर आमचं मराठी, आमचं कन्नड खातोय. एकतीस जणांना मी तेच उत्तर दिलतं. एकाची पण नोंद तक्त्यात न्हाय. तक्रार म्हणजे मला कटकट वाटायची. परीक्षेचा खरा निकाल तोच होता, हे कळलं न्हाय.

काचेवरचा तक्ता ओढून काढला. चिकटपट्टीसकट फाटला. एकतीस जणांना एकेक करून फोन लावले. "चालू करा. आत्ता चालू करा. माझं चुकलं, मी येऊन नीट करून देतो." निपाणीचा एक टायपिंगवाला हसला, "काय ओ अण्णा, तुम्ही आणि चुकलं म्हणताय?" मला हसू आलं न्हाय.

बुधवारी दुपारी कल्याणीताई आपणहून कडोलीला आल्या. हातात दोनशे पानी वही. "मला बरंचसं आठवतंय," म्हणाल्या. "मी सांगत जाते, आप्पा व्हय-नाही करतील."

आप्पा सोप्यात खाटंवर उशीला टेकून बसले होते. मी त्यांना सांगितलं, "आप्पा, व्हायरस आलता. तुमचं लिहिलेलं गेलं." एवढंच सांगितलं. पिवळ्या कागदाचं सांगितलं न्हाय. कल्याणीताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि वही उघडली.

"आप्पा, पहिलं वाक्य असं होतं, 'मी साहित्यिक न्हाय, खड्डे काढणारा माणूस हाय.' बरोबर?"

"व्हय."

"मग तुमचे मित्र रवळू. दोघांनी मिळून पहिला मांडव घातला."

"व्हय."

"मग त्या वर्षीचं वारं. मधला खांब कलला आणि रवळूंनी दोरखंड हातानं धरून ठेवला, तळहात सोलले तरी. आत भाषण चालू होतं, कुणाला कळलंही नाही."

"व्हय."

मी भिंतीला टेकून ऐकत होतो. ह्यातलं मला काही म्हाईत न्हवतं. रवळूकाकाचे तळहात मी लहानपणी बघितलेत, पांढरे चट्टे पडलेले. कशानं, ते कधी विचारलं न्हाय.

"हे वारं उद्घाटनाला सुटलं की समारोपाला?" ताईंनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी परत विचारलं. उद्घाटनाला? व्हय. समारोपाला? व्हय. त्यांनी पेन खाली ठेवलं. आप्पांच्या कपाळावर घाम आला होता, डावा हात चादरीवर चुळबुळत होता.

मला सोसंना. सोप्यातनं अंगणात, अंगणातनं सोप्यात, माझ्या चार फेऱ्या झाल्या. "बास करा, ताई! ह्याला काय अर्थ हाय? सगळ्यालाच व्हय म्हणायचं तर शंभरात शंभर पडणारच की! तुम्ही खरं तेवढंच विचारताय आणि..."

माझंच वाक्य माझ्या कानात शिरलं. खरं तेवढंच विचारतोय. महिनाभर मी पण तेच करतोय. जेवलासा काय? बरं वाटतंय काय? व्हय म्हणले की सुटलो, दुकानाला पळालो. खोटं एकदा तरी विचारून बघितलंय काय?

खाटंजवळ उकिडवा बसलो. "आप्पा, त्या वाऱ्यात रवळूकाका दोरखंड सोडून पळाला. भित्रा होता. व्हय न्हवं?"

"व्हय," आप्पांचं तोंड म्हणलं. आणि डावा हात खाटंच्या लाकडावर आदळला. फाट! परत एकदा, फाट! डोळे असे केले की मी मागं सरकलो.

"न्हाय न्हाय, आप्पा. रवळूकाकानं सोडला न्हाय. धरून ठेवला."

"व्हय." हात गप पडून राहिला.

ताईंनी तोंडावर पदर धरला. माझी बायको रचना सैपाकघराच्या दारात उभी होती, पिठाचे हात तसेच. "हाताकडं बघा की ओ," ती म्हणाली. "मी तर पहिल्या दिवसापास्नं हाताकडं बघूनच त्यांचं सगळं करते. तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

काय सांगू तिला? न्हवतं म्हाईत.

मग काम लागलं. कल्याणीताई एक खरं विचारायच्या, मी एक खोटं विचारायचो. उद्घाटनाला? फाट. समारोपाला? हात गप. चुलाणावर चहा होता? फाट. आमटी? हात गप. रचनानं दोनदा चहा केला, तो निवला. उन्हं सोप्यातनं बाहेर गेली तवर वहीची चौदा पानं भरली होती. सगळं परत आलं न्हाय. आप्पांच्या तोंडची चव त्यात निम्मीच होती, ते ताईंना पण कळत होतं आणि मला पण. एका जागी आप्पा लई वेळ काहीतरी सांगू बघत होते, व्हय व्हय करत होते, आणि आम्हाला दोघांनाही काय विचारायचं तेच सुचंना. शेवटी त्यांनी डोळे मिटले. ती ओळ गेली ती गेलीच. ती आता कुणालाच कळायची न्हाय, आणि त्याला मी जबाबदार हाय.

ताईंनी वही मिटून पिशवीत घातली. एसटीची वेळ झाली होती. त्या उठल्या तशी मी म्हणलं, "थांबा जरा."

खाटंच्या कडेला बसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट बसलो असंन.

"आप्पा, मी मघाशी निम्मंच सांगितलं. ताईंनी मला वर्षापूर्वी विचारलतं. मराठी टाईप होईना, काय करू म्हणून. मी म्हणलं, अँटिव्हायरस बंद करा. म्हणून चोर शिरला. आणि तुमचं प्रूफ वाचाय त्यांनी मला तीनदा बोलावलं. एकदा जरी गेलो असतो तर एक तरी कागद हातात असता. मी गेलो न्हाय."

आप्पा माझ्याकडं बघत होते. कल्याणीताई म्हणाल्या, "असू दे हो, भरमूअण्णा."

"न्हाय, ताई. मला विचारू दे." मी आप्पांच्या डाव्या हाताकडं बघितलं. खड्डे काढून काढून फावड्यासारखा झालेला हात, चादरीवर पालथा. "आप्पा, चूक ताईंची हाय?"

"व्हय." आणि हात आदळला. फाट!

तिथंच थांबता आलं असतं. तरी विचारलं.

"मग माझी हाय, आप्पा?"

"व्हय," आप्पा म्हणाले.

मी हाताकडं बघत राहिलो. लई वेळ बघत राहिलो. हात हलला न्हाय.